आरती कोणाच्या बापाची?

चवथीला माटवीखाली (गणपतीवरच्या सजवलेल्या चौकटीखाली) आरती म्हणणारे घरचे, पेटी घरची, पखवाज घरचा, झांजा घरच्या. तरी व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की कुठल्याशा म्युझिक कंपनीचा कॉपीराइटचा दावा हजर! शब्द शेकडो वर्षांचे, चाल पारंपरिक. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी गीतावरचा हक्क संपतो. कंपनीचा हक्क फार तर तिच्या रेकॉर्डिंगवर. पण कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबचं गाणी आपोआप ओळखणारं यंत्र, नुसती चालही जुळवतं, आणि कोणी पारंपरिक चालच आपल्या नावावर नोंदवली की अख्खं कोकण चोर!

जत्रेत मागे लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर दावा रास्त आहे. यूट्यूब स्टुडिओत तेवढा तुकडा कापा किंवा म्यूट करा. आरतीचं तसं नाही. तिथे हरकत घ्यायचीच, आणि ५ दिवसांच्या आत, म्हणजे दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. उशीर केलात की आधीचे पैसे समोरच्याच्या खिशात.

आणि उत्तर द्यायला दावा करणाऱ्याला मुदत किती? ३० दिवस! तोवर गौरी-गणपती पाण्यात, चाकरमानी परत मुंबईत, व्हिडिओ बघणार कोण? त्याने हरकत फेटाळली तर अपील, तिथे त्याला ७ दिवस. त्यानंतरही त्याने व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर कॉपीराइट मोडल्याचा ठपका, आणि ९० दिवसांत ३ स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद होण्याची वेळ. या भीतीनेच गावोगावचे पोरगे खरी हरकतसुद्धा घेत नाहीत. खोटा दावा करणाऱ्याला एक रुपया दंड तरी लावा ना!