डाव्या कुशीचं बरोबर, पण मणक्याचं काय?

अपघातातल्या गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवा, हे अपघातात गरोदर बाईला कसं सांभाळावं यावरच्या तुमच्या लेखातलं बरोबर आहे. २० आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन बीपी घसरतं. पण मणक्याला मार असण्याची शंका असेल तर नुसतं वळवू नका, तिला सरळ फळीवर झोपवून आख्खी फळीच डावीकडे कलती करायची. हे लिहायला हवं होतं.

आमच्या सोलापुरात स्कूटरवरून घसरलेल्या बायका ‘पोटाला काही लागलं नाही’ म्हणत सरळ घरी जातात. अहो, वार (पोटात बाळाला पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव) सुटायला पोटावर ओरखडाही लागत नाही! निदान ४ तास बाळाचे ठोके बघायलाच हवेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. आणि एक्स-रेला घाबरून गरजेची तपासणी अडवणाऱ्या नातेवाइकांवर एक वेगळा लेख येऊ द्या.