"जपानी गाडी मरत नाही" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आपल्या इकडच्या गाड्यावाल्या पोट्ट्यांमधी एक मेसेज फिरून राह्यला. ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअॅपवर तोच. थोडक्यात असं हाय की जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी म्हणजे आयुष्यभराचा सौदा, इंजिन मरतच नाही, ऑइल बदललं की बस, मीटर कमी दिसलं की डोळे मिटून घ्या, दिल्लीहून अर्ध्या भावात उचला आणि पाच हजारात इकडं पासिंग करा, जमलं तं थेट जपानातून टोयोटाची सुप्रा नाहीतर माझदाची आरएक्स-7 मागवा, इंजिन बसलं तं दुसरं टाका, आणि दोन वर्षांत भाव डबल. खाली नेहमीसारखं, "जास्तीत जास्त शेअर करा".

मला या गाड्या आवडतात म्हणूनच लिहून राह्यलो. पण मेसेजवाला तुम्हाला नाव विकून राह्यला, आणि जुन्या गाडीत विकत घ्यायचा असतो तो आधीच्या मालकानं केलेला मेंटेनन्स. सगळा घोळ इथंच हाय.

पहिले हे समजून घ्या की आपल्या भागात "जपानी स्पोर्ट्स" म्हणून विकायला येतं काय. हिंगणघाट, पांढरकवडा, वणी, आर्णी या पट्ट्यात फिरा, बहुतेक वेळा होंडा सिटी व्हीटेक दिसते, 2000 ते 2003 वाली, दीड लिटर, 106 पीएस ताकदीची. मंग मित्सुबिशी लान्सर, जी 1998 पासून हिंदुस्तान मोटर्सनं इथं बनवली, त्यानंतरची 2006 ची सीडिया, दोन लिटर इंजिनाची. एखादी मारुती बलेनो. जपानी माणूस यांना स्पोर्ट्स कार म्हणून हसेल, पण 44 नंबर हायवेवर सकाळी सकाळी व्हीटेक वरच्या आरपीएमला ओढली की ज्याला कळायचं त्याला कळते.

आता "इंजिन मरत नाही, ऑइल बदललं की बस". इंजिन मजबूत हाय यात वाद नाही. पण या सगळ्या इंजिनांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जमवणारा पट्टा) हाय, चेन नाही, आणि बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरवर पण संपतो आणि वर्षांवर पण. सिटीच्या इंजिनात बेल्ट चालू गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागते, ऑइल कितीही नवीन असो. वॉटर पंप पण त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळं बेल्ट बदलताना पंप तसाच ठेवणारा मिस्तरी असला तं त्याला हात जोडा आणि दुसरा शोधा. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, बेल्ट कधी बदलला आणि बिल कुठं हाय. "बदलला असंन ना भाऊ, मागच्या मालकानं" हे उत्तर आलं तं बदललेला नाही असंच धरून भाव करा.

दुसरी गोष्ट पाण्याची. रेडिएटरमधी कूलंट पाहिजे, पण आपल्या इकडं सर्रास बोअरचं पाणी टाकतात. अकोला, दर्यापूर, अंजनगावकडच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असली तं विचारूच नका, जे पाणी माणसाला पिता येत नाही ते अॅल्युमिनियमच्या हेडमधी वर्षानुवर्षं फिरलेलं असते. गाडी थंड असताना (थंड असतानाच, नाहीतर तोंड भाजंन) रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं किंवा लाल पाणी दिसलं तं ठीक. चहाच्या रंगाचं, खाली गाळ असलेलं दिसलं तं आतले रस्ते अर्धे बंद झाले असं समजा, आणि मे महिन्यात 45 डिग्रीत एसी लावून चालवली की काटा वर जाणार. मंग ऑइल टाकायचं झाकण उघडून खालून पाहा, मलईसारखा पांढरट थर असला तं पाणी ऑइलमधी मिसळत असू शकते, म्हणजे हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. थंडीत कमी अंतर चालणाऱ्या गाडीत दमटपणानं पण असा थर येतो हे खरं, म्हणून एकट्या त्यावरून निकाल देऊ नका.

उन्हाचं निघालं म्हणून सांगतो, 90 च्या दशकातल्या होंडांची एक जुनी खोड हाय. डॅशबोर्डखाली मेन रिले (फ्युएल पंपाला करंट देणारा स्विच) असतो, त्याचे सोल्डरचे सांधे वर्षांनी तडकतात, आणि गाडी उन्हात तापली की फ्युएल पंपाला करंट जात नाही. स्टार्टर फिरते, गाडी चालू होत नाही. सावलीत तासभर उभी केली की जशी काही झालंच नाही. विकणारा तुम्हाला सकाळी सात वाजता का बोलावून राह्यला हे आता समजलं का? दुपारी जा. गाडी उन्हात उभी ठेवायला लावा, अर्धा तास चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मंग चावी फिरवा. रिले दुरुस्त करणं स्वस्त काम हाय, पण माहीत नसलं तं मिस्तरी पंप, कॉइल, डिस्ट्रिब्युटर सगळं बदलून टाकतो आणि शेवटी रिले तसाच राहते.

आणि कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजणं. याच्याशिवाय पैसे देऊच नका, मेसेजमधी याचं नावही नाही. चारही प्लग काढून गेज लावायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. आकडा किती यापेक्षा चारही सिलेंडरचा आकडा जवळजवळ सारखा येते का हे पाहा. एखाद्यात कमी आला तं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तं रिंगा गेल्या, नाही वाढला तं व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही बऱ्या गॅरेजमधी गेज असते. विकणारा "इंजिन खोलाचं काही काम नाही बाप्पा, आवाज ऐका ना" म्हणत असला तं आवाज ऐका आणि घरी या.

"मीटर कमी म्हणजे गाडी चांगली". या एका वाक्यानं सगळ्यात जास्त पैसे बुडवले असतील. एक सिटी पाह्यली होती यवतमाळ जिल्ह्यात, टिनाच्या शेडमधी, बाजूला कापसाची गंजी. मीटरवर 62 हजार. क्लच पेडलचं रबर घासून लोखंड दिसून राह्यलं होतं, स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली. 62 हजारात एवढं झिजत नाही. बरं, मीटर खरं असतं तरी काय फायदा, बोनेट उघडलं तं इनटेकच्या मागं उंदरानं कापूस आणून घर केलेलं आणि इंजेक्टरच्या वायरिंगचं वरचं कव्हर कुरतडून तांब्याची तार बाहेर. टायरच्या साइडला शेवटचे चार आकडे 3512, म्हणजे 2012 चा 35 वा आठवडा. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, ते दाखवून दाखवून सांगणं चालू होतं की टायर नवीन हायत. रबर कडक झालं की नक्षीचं काय करता, पावसात ब्रेक मारला की समजते.

वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते. सील सुकतात, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, टाकीत आतून गंज धरतो. त्यात आता पेट्रोल ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि 2000 सालचे रबरी पाइप त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते. उभ्या गाडीत जुनं पेट्रोल असलं तं पहिले टाकी खाली करा, मंग चालू करून पाहा, आणि फ्युएल पाइप बोटानं दाबून पाहा, चिरा दिसल्या तं बदलायचा खर्च धरा.

गंजाचं पण ऐका. "विदर्भात समुद्र नाही, गंज लागत नाही" असं मेसेजच्या खाली कोणीतरी जोडलं हाय. अहो, गाडी विदर्भात जन्मली का? आपल्या इकडच्या कितीतरी गाड्या मुंबई-ठाण्यातून फिरत फिरत येतात. आरसीवर पहिलं पासिंग कुठलं ते पाहा. डिक्कीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा, पायाखालच्या मॅटखालचा फ्लोअर, चाकावरच्या कमानीची आतली कड. खिशात लोहचुंबक ठेवा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी.

दिल्लीच्या गाडीचं थोडक्यात. ती स्वस्त हाय याचं कारण 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथं एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) बंदी आणली आणि 2018 मधी सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. पण "पाच हजारात पासिंग" कुठून आलं? 15 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी 2022 पासून 5 हजार हाय हे खरं, फक्त ऑगस्ट 2025 मधी 20 वर्षांवरच्या गाडीसाठी ती 10 हजार झाली. 2001 ची सिटी कोणत्या खान्यात बसते तुम्हीच मोजा. शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पर्यावरण कर, फिटनेस, नवीन नंबर प्लेट, हे सगळं वेगळं. दिल्लीची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे तिथून सोडलं एवढंच, इथं घेतलं असं नाही. सरकारच्या एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून फिटनेस कधीपर्यंत, बँकेचा बोजा हाय का, चलन किती, हे फुकटात दिसते.

जपानातून सुप्रा मागवणाऱ्यांना काय सांगावं. आपल्या देशात वापरलेली कार आणायची तं ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, मुंबई बंदरातूनच यावी लागते आणि ड्युटीच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसते. आरएक्स-7 आणि ती नावाजलेली सुप्रा, दोन्हींचं उत्पादन 2002 मधी बंद झालं. करा हिशोब. कोणी "भूतानवरून येते" म्हणत असला तं सप्टेंबर 2025 मधी केरळात कस्टमवाल्यांनी तशाच चोरट्या मार्गानं आणल्याच्या संशयावरून गाड्या मालकांच्या दारातून जप्त केल्या, तेव्हा गाडी पण गेली आणि पैसे पण. बाकी आरएक्स-7 ला आपल्यासारखे पिस्टनच नाहीत, रोटर असतात, तिचं कम्प्रेशन मोजायला गेज पण वेगळं लागते. वणीत कुठून आणता?

"इंजिन बसलं तं दुसरं टाका" हेही तसंच अर्धवट. त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन, आरसीवर नंबर चढवून टाकता येते. पण मोठं, दुसऱ्या गाडीचं इंजिन ठोकलं तं ती गाडी कंपनीनं दिलेल्या रूपात राहत नाही, आणि जानेवारी 2019 मधी सुप्रीम कोर्टानं अशा बदलांवर स्पष्ट नाही म्हटलं हाय. एक्सिडेंट झाला की विमावाला पहिले इंजिन नंबर पाहते. पार्टचं म्हणाल तं होंडाचे बरेचसे मिळून जातात, लान्सर-सीडियाची मात्र बॉडी, लाइट, बंपर शोधत नागपूरच्या भंगार मार्केटापासून सुरुवात करावी लागते.

राह्यलं भाव डबल होण्याचं. भाव वाढले ते बाहेर, कारण अमेरिकेत 25 वर्षं झाली की जपानी गाडी नेता येते, म्हणून 1999 ची निसान स्कायलाइन आर-34 2024 पासून तिकडं जायला लागली आणि लोक तुटून पडले. लान्सरला अमेरिकेत कोणी विचारत नाही. तुमच्या तालुक्यात अशा गाडीचं गिऱ्हाईक म्हणजे अजून एक तुमच्यासारखाच हौशी, आणि तोही येताना गेज घेऊनच येणार.