निनावी अवकाशतज्ज्ञ कसे व्हाल?

आधी टोपणनाव ठरवा. त्यात रॉकेट, इंधन किंवा ग्रह यांपैकी काहीतरी हवं आणि शेवटी एक आकडा. खऱ्या नावानं लिहिलंत की लोक शिक्षण विचारतात. 'क्रायोकाका७७'कडे कुणी मार्कशीट मागत नाही. फोटोच्या जागी शनी लावा. कडी असलेला ग्रह अभ्यासू दिसतो.

घराणं मोठं आहे, लाजू नका. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय पानावर, खाली कुणाचीही सही नसलेल्या एका टिपणानं अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांना समजावलं होतं की निर्वातात रॉकेटला रेटायला काही नसतं, आणि शाळेत रोज वाटलं जाणारं ज्ञानही या प्राध्यापकांकडे दिसत नाही. रॉकेट हवेला नव्हे, स्वतःच्याच वायूला मागे फेकून पुढे जातं. गॉडर्ड यांनी हे निर्वात केलेल्या नळीत मोजलं होतं आणि ते प्रयोग त्यांच्या अहवालात छापलेही होते. पण टीकेआधी अहवाल वाचावा लागतो असा गैरसमज तेव्हाही नव्हता. दुरुस्ती छापून आली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड १९४५ सालीच गेले होते. आपली चूक कबूल करायला साधारण एवढी मुदत घ्या.

आता मुख्य हत्यार: वजन सांगा, कक्षा सांगू नका. इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट पृथ्वीच्या खालच्या कक्षेत सुमारे आठ टन नेतं, पण भूस्थिर हस्तांतर कक्षेत चारच टन. कारण या लांबट कक्षेचं पृथ्वीपासूनचं दूरचं टोक ३६ हजार किलोमीटरवर न्यायचं असतं आणि त्यासाठी सेकंदाला जवळपास अडीच किलोमीटर जादा वेग लागतो. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचंही तसंच. पहिला टप्पा परत आणायचा नसेल तर खालच्या कक्षेत २२.८ टन, आणि तो उतरवून घ्यायचा असेल तर हस्तांतर कक्षेत सुमारे साडेपाच. आता बघा, देशप्रेम उफाळून आलं असेल तर आपले आठ आणि त्यांचे साडेपाच शेजारी ठेवा. जिंकलात. देशावर वैतागला असाल तर आपले चार आणि त्यांचे २२.८. परत जिंकलात. चारही आकडे खरे, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही नाही.

पैशांच्या वादात किलोमीटर आणा. मंगळयानाचा खर्च साडेचारशे कोटी, प्रवास साधारण ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. हा हिशोब मंगळावरच थांबवायचा. चांद्रयान ३ ला लावलात तर ६१५ कोटी भागिले पृथ्वी ते चंद्र ३.८४ लाख किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १६ हजार रुपये पडतात आणि रिक्षावाले हसतात. खर्च होतो तो पृथ्वीची ओढ तोडताना आणि पोहोचल्यावर वेग मारताना. मधला बहुतेक प्रवास इंजिन बंद ठेवून होतो. म्हणून तर या पद्धतीनं सतत दूर जात राहिलेलं नासाचं व्हॉयेजर १ यान दरवर्षी आणखी स्वस्त होत जातं. हे कुणी काढलंच तर 'तुम्हाला इस्रोचा अभिमान नाही का?' एवढंच विचारा.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाचा वाद सोपा आहे, फार वेळ घालवू नका. चांद्रयान ३ चा लँडर विक्रम उतरला ६९.३७ अंश दक्षिणेला, ध्रुवापासून सव्वासहाशे किलोमीटरवर. एका बाजूनं 'ध्रुवावर उतरलो' म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं 'ध्रुवाच्या जवळपासही नाही'. 'आजवरच्या लँडरांपेक्षा दक्षिणेला' हे त्या दिवशीचं सरळ, खरं वाक्य दोन्ही बाजूंनी कटाक्षानं टाळायचं, नाहीतर वाद मिटेल.

कधीतरी एखादा 'कुठल्या कक्षेत?' असं विचारणारा भेटतोच. त्याला उत्तर देऊ नका, त्याचा हेतू तपासा. तो एकतर भक्त असतो, नाहीतर परकीय हस्तक. तिसरी शक्यता, म्हणजे त्याला कक्षा जाणून घ्यायची आहे, ही विचारात घेण्याजोगी नाही. तरीही हटला नाही तर 'आतल्या माणसाकडून कळलंय' म्हणा. आतला माणूस तुमच्याइतकाच निनावी असल्यानं फसण्याची भीती नाही. अगदीच कोंडीत सापडलात तर गरिबांना बोलवा. अवकाश विभागाचं २०२५-२६ या वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे १३ हजार कोटी. हा आकडा अखंडच फेकायचा. १४० कोटींनी भागलात तर माणशी वर्षाला शंभर रुपयेही होत नाहीत आणि भाषणाचा जोर जातो.

एक वाईट उदाहरण मात्र डोळ्यांसमोर ठेवा. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान २ चा लँडर आदळल्यावर सगळे तज्ज्ञ दोषारोपात मग्न असताना चेन्नईच्या एका अभियंत्यानं चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं टिपलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी ठेवून ठिपका ठिपका तपासला, अवशेष शोधला आणि स्वतःच्या नावानं नासाला कळवला. डिसेंबरमध्ये नासानं त्याला श्रेय दिलं. छायाचित्रं सगळ्यांसाठी फुकट होती. पण चुकला असता तर नाव त्याचंच गेलं असतं! एवढी जोखीम सभ्य माणसानं घेऊ नये.

त्यापेक्षा दोन खाती काढा. प्रक्षेपणाच्या आदल्या रात्री एकानं 'शंभर टक्के यश', दुसऱ्यानं 'लिहून ठेवा, पडणार' असं जाहीर करायचं आणि सकाळी हरलेलं खातं बंद करायचं. अडचण येते ती २९ जानेवारी २०२५ सारख्या दिवशी. इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटनं एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह ठरल्या कक्षेत नेमका सोडला, पण पुढे कक्षा उंचावताना उपग्रहातले ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) आत सोडणारे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत. रॉकेट पास, उपग्रह अडकलेला. अशा वेळी दोन्ही खाती चालू ठेवून त्यांना एकमेकांशी भांडू द्या. दोन्हींचं म्हणणं बरोबर असतं आणि त्यातलं कुणीही कक्षा विचारत नाही.