"70 टक्के ब्लॉकेज खोटं सांगितलं" या रिव्ह्यूला आमच्या सेंटरकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. आमच्या सीटी अँजिओत (स्कॅनने काढलेले हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) बाबांचं ब्लॉकेज 70 टक्के आलं, नंतर हॉस्पिटलात हातातून बारीक नळी (कॅथेटर) घालून अँजिओग्राफी केली तर 45 निघालं, म्हणजे आमचा रिपोर्ट खोटा आणि पैसे पाण्यात, असं तुमचं म्हणणं. मधले दिवस घरात सगळ्यांनी किती टेन्शनमध्ये काढले असतील ते समजतं. पण रिपोर्ट खोटा नाहीये. आकडे तुम्हीच टाकलेत म्हणून तेवढ्यावरच बोलतो, बाबांचं बाकी काही इथे लिहिणार नाही.

हृदयाची रक्तवाहिनी धरा 3 मिलिमीटरची. 70 टक्के बंद म्हणजे आत वाट उरली 0.9 मिलिमीटर, 45 टक्के म्हणजे 1.65. फरक पाऊण मिलिमीटरचा! सीटीला बारीकात बारीक दिसतं तेच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही धडधडत्या हृदयात, म्हणून तर आधी गोळी देऊन ठोके 60 च्या आसपास आणतो आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतो, रक्तवाहिन्या नीट फुलाव्यात म्हणून. त्यात कॅल्शियम साठलेलं असलं की रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट असतो त्याहून मोठा दिसतो ना, तसा तो पांढरा भाग फुगून दिसतो, वाट झाकली जाते आणि ब्लॉकेज जास्त वाटतं. याला ब्लूमिंग म्हणतात. रिपोर्टमध्ये 70 च्या खालच्याच ओळीत लिहिलंय बघा, कॅल्शियममुळे प्रमाण जास्त दिसू शकतं, कॅथेटर अँजिओग्राफीने खात्री करावी.

कॅथलॅबमधली, म्हणजे हॉस्पिटलात नळी घालून केलेली अँजिओ जास्त बारीक दाखवते हे खरंच, पण तिथेही टक्के बरेचदा नजरेनेच ठरवतात, दोन डॉक्टरांचे आकडे वेगळे येऊ शकतात. म्हणून अधल्यामधल्या ब्लॉकेजला प्रेशर वायर (दाब मोजणारी बारीक तार) घालून एफएफआर बघतात, म्हणजे ब्लॉकेजच्या पुढे रक्ताचा दाब आधीच्या दाबाच्या किती पट उरतो ते, 0.80 किंवा कमी आला तर रक्त अडतंय असं धरतात. बाबांचं ते केलं होतं का, कार्डिओलॉजिस्टना विचारा.

दोन्हीकडच्या सीडी घेऊन कधीही या, स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून दाखवतो, चार्ज काही नाही. आणि दादा, रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय "काहीच नव्हतं", तेवढं मात्र मनातून काढा. 45 टक्के म्हणजे भिंतीत चरबी आणि कॅल्शियम आहेच. या भरात कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली असेल तर आजच कार्डिओलॉजिस्टना फोन करा.