दिवाळखोरीतला दुसरा कोर्स विसरू नका

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी चॅप्टर ७ची दिवाळखोरी (बहुतेक कर्जं माफ करून घेण्याची कोर्टातली प्रक्रिया) दाखल केली असेल किंवा तसा विचार चालू असेल, तर हे जरूर वाचा. आपल्याकडे हा विषय चारचौघांत कुणी काढत नाही, त्यामुळे साध्या साध्या गोष्टीही कळत नाहीत.

२००५ च्या कायद्यापासून इथे कर्जदाराला दोन कोर्स करावे लागतात. अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत क्रेडिट कौन्सेलिंग, म्हणजे कर्जाबद्दलचा सल्ला, आणि अर्जानंतर पैशाच्या नियोजनाचा कोर्स. पहिल्याशिवाय अर्जच टिकत नाही, म्हणून तो सहसा होतो. दुसरा राहतो. ट्रस्टीसमोरची (केस तपासायला नेमलेल्या माणसासमोरची) बैठक पार पडली की माणसाला वाटतं, सुटलो एकदाचे. कोर्टाची पत्रं न उघडताच ड्रॉवरमध्ये जातात. मग केस बंद होते, पण डिस्चार्जचा (कर्जमुक्तीचा) आदेश निघालेलाच नसतो, म्हणजे कर्ज जसंच्या तसं डोक्यावर. वसुलीचे फोन परत सुरू. केस पुन्हा उघडायची तर पुन्हा फी, पुन्हा वकील.

मी न्यू जर्सीत एका वकिलांकडे हीच कागदपत्रं बघते. मध्यंतरी एका बाईंना आमच्याच टेबलाशी बसवून हा कोर्स करून घेतला. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बाई. नवऱ्याच्या हार्टच्या ऑपरेशनचं बिल कार्डांवर चढलेलं. फोनवर प्रश्न आला, गरज कोणती आणि चैन कोणती. केबल त्यांनी चैनीत टाकली, औषधं गरजेत, आणि मला विचारलं, "हॉस्पिटल कशात टाकू?"

बजेट शिकण्याला माझा विरोध नाही. व्याज कसं चढतं, क्रेडिट रिपोर्ट कसा तपासायचा, हे सगळं कामाचंच आहे. पण डिस्चार्ज त्यावर अडवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. कायद्याच्या नावातच 'गैरवापर रोखणं' आहे, म्हणजे संशय आधीच धरलेला. अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसंही आजारपणात बुडतात, हे त्यात कुठे बसतं? कोर्स जरूर ठेवा, फुकट ठेवा, पण तो राहिला म्हणून कुणाची सुटका थांबवू नका.

कायदा बदलेपर्यंत मात्र एवढं कराच. नवरा-बायकोने मिळून अर्ज केला असेल तर कोर्स दोघांनीही करायचा. संस्था मान्यताप्राप्त यादीतलीच हवी. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर फी माफीसाठी विचारा. आणि सर्टिफिकेट कोर्टात दाखल झालं का, हे वकिलांना फोन करून स्वतः विचारून घ्या.