गुणाकार पुरे, आता वजाबाकी करा

"तुझं काय बाबा, डॉलरमध्ये पगार!" हे पुन्हा कुणी ऐकवलं तर मी सरळ फोन ठेवणार आहे. डॉलरच्या भावानं गुणलं की झाला यांचा हिशेब. वजाबाकी कोण करणार?

मी डॅलसजवळ राहतो. अमेरिकेत कंपनीनं पगारी रजा दिलीच पाहिजे, असा देशपातळीवरचा कायदाच नाही. एका दिवसाचासुद्धा नाही! आमच्याकडे आजारपण आणि सुट्टी एकाच खात्यात. पोराला ताप आला की दिवाळीला घरी जायचे दिवस गेले. बाळंतपणासाठी १९९३ चा कायदा आहे म्हणे. १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि ५० पेक्षा कमी माणसांच्या खासगी कंपनीवर तेवढंही बंधन नाही. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस पगारी रजा कायद्यानंच मिळते. तिथला माझा मित्र माझ्यापेक्षा बराच कमी कमावतो. पण सुट्टीत आजारी पडला आणि डॉक्टरचा दाखला दिला, तर ते दिवस त्याला परत मिळतात. परत!

"पण विमा असेल ना कंपनीचा?" आहे ना. दर महिन्याला पगारातून हप्ता कापतात. मग डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी आपण भरायची ठरलेली रक्कम, संपेपर्यंत बहुतेक बिलं आपलीच, आणि त्यानंतरही को-पे (दर भेटीची ठरलेली रक्कम), को-इन्शुरन्स (बिलातला आपला टक्का) आहेतच. २०२५ साली कुटुंबानं खिशातून भरायची कायद्यातली कमाल मर्यादा १८,४०० डॉलर होती. हप्ता वेगळा, आणि विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरचा, म्हणजे तिच्या यादीत नसलेला, डॉक्टर गाठलात तर ही मर्यादाही लागू नाही. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा कायदा २०२२ पासून आला, त्यातून रस्त्यावरची अँब्युलन्सच वगळली! बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घामाघूम झालेली तीच म्हणाली, "अँब्युलन्स नको, गाडी काढ." चांगल्या पगाराच्या घरात हे बोलावं लागतं. चीड येते मला, अजूनही.

वर एच-वन-बी, म्हणजे नोकरीला बांधलेला व्हिसा. नोकरी गेली की नवी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि विमाही नोकरीबरोबरच जातो. चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. अशा माणसानं साहेबाकडे सलग तीन आठवडे रजा कुठल्या तोंडानं मागायची?

आता भाच्याला एमएस संपता संपता इथलीच ऑफर आलीय. अख्खं घर पॅकेजवर नाचतंय. रजा किती, आजारपणाची वेगळी आहे का, हप्ता किती, डिडक्टिबल किती, एकानंही विचारलेलं नाही. मी विचारलं तर ताई म्हणते, "आधी रुजू होऊ दे, ते नंतर बघू." नंतर काय बघणार, ताई? सही झाल्यावर?