पुन्हा तिथेच, पुन्हा त्याच वेळी

माझी भाची मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात शिकते. गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिक आटोपून ती स्टेशनकडे चालत निघाली असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी तिच्या हातातला मोबाइल हिसकावून नेला. वडिलांना घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने आवाज न चढवता सुचवले की, 'चोरी'ऐवजी 'गहाळ' असे लिहून द्या, नवे सिमकार्ड घ्यायला तेवढा दाखला पुरतो, कोर्टाच्या फेऱ्या कशाला मागे लावून घेता. दमलेल्या बापलेकींना तो सल्ला सोयीचा वाटला आणि त्यांनी तसे लिहून दिले. पुढच्याच आठवड्यात तिच्या वर्गातील दुसऱ्या मुलीचा मोबाइल त्याच रस्त्यावर, त्याच सुमाराला, रस्त्यावरचा दिवा बंद असलेल्या त्याच वळणावर गेला. कागदोपत्री मात्र त्या वळणावर काही घडलेलेच नाही.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर यावर दोन दिवस चर्चा झाली. आणखी कॅमेरे बसवा, गस्त वाढवा, सापडलेल्यांना भर चौकात फटके द्या, असे सगळे झाल्यावर मोठ्या भावाने मला विचारले, "तुमच्याकडे असले काही होत नसेल, नाही का?" मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहरात बावीस वर्षे राहते आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. त्याला खरे उत्तर द्यायचे तर, होते. आणि काही बाबतींत मुंबईत कधी होणार नाही इतके भयंकर होते. १६ डिसेंबर २०२४ रोजी याच शहरातील एका शाळेत पंधरा वर्षांच्या मुलीने गोळीबार करून एका शिक्षिकेचा आणि एका विद्यार्थ्याचा जीव घेतला. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. बंदूकधारी आत शिरला तर आधी पळा, पळता आले नाही तर लपा, आणि दोन्ही अशक्य झाले तरच प्रतिकार करा, हे इथे नोकरीला लागणाऱ्यांना शिकवले जाते. दादरला रात्री अकराच्या लोकलमधून उतरून एकटी घरी चालत जाणारी मुलगी मी होते. तो निर्धास्तपणा मला इथल्या बऱ्याच शहरांत मिळालेला नाही. त्यामुळे "अमेरिकेकडून शिका" असे मी म्हणणार नाही. पण इथल्या एका विचाराबद्दल आणि एका कायद्याबद्दल मुंबईकरांशी बोलावे, असे मला फार दिवसांपासून वाटते आहे.

विचार याच मॅडिसनच्या विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या हर्मन गोल्डस्टीन यांचा. १९७९ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याच्या आरंभी इंग्लंडमधील एका बससेवेचे उदाहरण दिले. थांब्यावर रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांना न घेताच बस पुढे निघून जातात, अशी तक्रार झाली, तेव्हा उत्तर मिळाले की, प्रवाशांसाठी थांबावे लागले तर चालकांना वेळापत्रक पाळणे अशक्य होईल. गोल्डस्टीन यांचे म्हणणे असे की, पोलीस दलाचेही असेच होऊन बसते. किती गाड्या फिरल्या, हाकेला किती मिनिटांत पोहोचलो, किती जणांना अटक केली, हे सारे मोजले जाते. ज्या त्रासासाठी लोकांनी बोलावले तो त्रास कमी झाला की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. त्यांचा आग्रह एवढाच होता की, पोलिसांनी एकेक सुटी घटना निकालात काढत बसण्याऐवजी सारख्या घटना एकत्र मांडाव्यात, त्या तिथेच आणि त्याच वेळी का घडतात हे शोधावे, कारणावर उपाय करावा आणि मग उपाय लागू पडला का, हे प्रामाणिकपणे तपासावे.

हे ऐकायला अगदी साधे वाटते, पण त्याचा परिणाम साधा नाही. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज या जहाजबांधणीच्या गावात १९८०च्या दशकात पोलिसांनी हा मार्ग धरला. गोदीतील कामगारांच्या गाड्या जिथे उभ्या असत तिथल्या चोऱ्यांचा माग त्यांनी असा काढला, आणि त्या चोऱ्या निम्म्याहून अधिक घटल्या. मिनिॲपोलिस शहराच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, पोलिसांना येणाऱ्या एकूण हाकांपैकी निम्म्या हाका जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून येतात. म्हणजे शहर सगळीकडे सारखे असुरक्षित नसते. काही वळणे, काही फाटके, काही जिने असुरक्षित असतात. आमच्या भाचीचे वळण त्यांतलेच एक आहे. पण वळण ओळखायचे तर आधी नोंद हवी, आणि ती तर 'गहाळ' या एका शब्दात पुसली गेली.

इथेच तो कायदा आठवतो. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आपल्या मुलीला जिथे पाठवले तिथे आधी काय काय घडले होते, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, हे तिच्या आईवडिलांचे दुःख होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० साली आज तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्या विद्यापीठांना त्यानुसार दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात, ज्यांच्याकडे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे त्यांना रोजची नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी लागते, आणि धोका टळलेला नसेल तर विद्यार्थ्यांना वेळेत सावध करावे लागते. आकडे लपवल्याबद्दल दंड होतो. २०२४ साली लिबर्टी विद्यापीठाला १४ दशलक्ष डॉलर भरावे लागले. या व्यवस्थेचेही दोष आहेत. जाडजूड अहवाल फारसे कोणी वाचत नाही, आणि इशाऱ्यात संशयिताचे वर्णन केवळ कातडीच्या रंगावर उरकले की त्या रंगाचा प्रत्येक विद्यार्थी पुढचे चार दिवस लोकांच्या नजरा झेलत फिरतो. तरीही घटना सांगणे हे संस्थेचे कर्तव्य आणि लपवणे हा गुन्हा, ही दिशा मला योग्य वाटते.

आपल्याकडे दिशा उलटी आहे. आकडा वाढला की ठाण्याची अब्रू जाते, म्हणून ठाणे नोंद टाळते. बातमी झाली की प्रवेश घटतील, म्हणून महाविद्यालय गप्प बसते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलेले असूनही २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. त्यानंतर लोकांनी रेल्वे रोखली, आणि पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा आमच्या गटावर पेढ्यांची चित्रे आली. मला ती पाहवली नाहीत. त्या गोळीने आरोपीवरचा खटला संपला. ठाण्यात गेलेल्या त्या तासांचा जाब मागण्याची लोकांची निकडही तिने विझवली. जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या शासकीय वसतिगृहात एका मुलीचा खून झाला तेव्हाही तसेच झाले. संशयित तिथेच काम करणारा होता, त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला आणि लोकांच्या दृष्टीने विषय मिटला. सुटीत बऱ्याच मुली घरी गेल्यावर मागे उरणाऱ्यांचे काय, कोणाकडे कोणत्या किल्ल्या असतात, कर्मचाऱ्याबद्दल कुरबुर झाली तर ती कोण ऐकते, हे प्रश्न प्रत्येक वसतिगृहात मे महिन्यापूर्वी दर वर्षी विचारायला हवेत.

मुंबई पोलिसांना हे जमणार नाही, असे मात्र मी मानत नाही. १९७० आणि १९८४ साली दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे लोक आणि बीटवरचा पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांनी तो धागा उचलला. गोल्डस्टीन यांचे नाव न घेता केलेले ते तेच काम होते. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या शिपायाकडून विचार करण्याची अपेक्षा कशी धरावी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली सुरू झालेला आठ तासांच्या पाळीचा प्रयोग एका शिपायानेच मांडलेल्या आराखड्यातून आला होता, हेही विसरता कामा नये.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या वळणावरचा दिवा वीज कंपनीचा, रस्ता महापालिकेचा, झाडोऱ्याने झाकलेले कुंपण महाविद्यालयाचे, आणि स्टेशनात पाय ठेवला की गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा. हे चौघे स्वतःहून कधीच एका टेबलाशी बसणार नाहीत. त्यांना बसवण्याची पत एकट्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकाकडे आहे, आणि हातात नोंदी असतील तर त्याचा शब्द मोडणे कोणालाही जड जाईल. दिवा दुरुस्त करणे, फांद्या छाटणे, प्रात्यक्षिक अर्धा तास अलीकडे घेणे, मुली बाहेर पडतात त्या अर्ध्या तासात बीट मार्शलची मोटारसायकल तिथे उभी ठेवणे, यांतली एकही गोष्ट नव्या कॅमेऱ्यांइतकी महाग नाही. यात फेरीवाल्याला किंवा शेजारच्या वस्तीतील पोरांना संशयावरून उचलण्याचीही गरज पडत नाही. उलट, रात्री नऊपर्यंत गाडी लावणारा वडापाववाला हा त्या रस्त्यावरचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी आहे.

भाचीने मला इथल्या नोंदवहीचा नमुना मागितला, तो मी पाठवला. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले, तक्रार कशी लिहून घेतली, एवढे पाच रकाने. महिनाभर मुलींनी वर्गावर्गांत विचारून यादी केली. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या आठ प्रात्यक्षिकाच्या दिवशीच्या, संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमधल्या, आणि सहा त्या एकाच वळणावरच्या. अकरापैकी नऊ ठिकाणी शेवटच्या रकान्यात 'गहाळ' असे लिहिले आहे. येत्या सोमवारी भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि त्यांच्या उपप्राचार्या ती यादी घेऊन वरिष्ठ निरीक्षकांना भेटणार आहेत, आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयातील अभियंत्यालाही तिथेच बोलवावे, अशी त्यांची पहिली मागणी आहे.